नागोरावांची गोळी आणि मॅनेजरची भाकरी

विश्रांतवाडीच्या आळंदी रस्त्यावर सकाळी कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरंपोरी अर्धवट झोपेत त्यात चढायची. त्या गाड्या आणि फुटपाथ यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून घंटी वाजवत हिरव्या सायकलवर जाणारा, पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा तुम्ही पाहिला असेल, तर ते आमचे नागोराव इंगोले.

आमचे म्हणजे आमच्या गावचे. वाशीमकडचं, पैनगंगेच्या काठावरचं गाव. मिसरूड फुटायच्या वयात नागोराव लष्करात भरती व्हायला म्हणून पुण्याला आले. छाती दोन बोटं कमी भरली. मोजपट्टी धरणारा हवालदार म्हणाला, "छाती नाही तुला, पण पाय चांगले आहेत. इथं खडकीला कारखान्यात माणसं घेतायत, पळत जा." नागोराव पळत गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यात चिकटले ते पेन्शनीपर्यंत.

पहिल्या पगारातून थोडे थोडे साठवून त्यांनी सायकल घेतली. कारखान्याचा भोंगा वाजला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. आभाळात पाखरांचा थवा एकदम वळतो तसा तो लोंढा चौकात वळायचा, आणि हजार घंट्यांचा मिळून एकच आवाज व्हायचा. नागोराव ते सांगू लागले की त्यांचे डोळे लांब कुठंतरी जायचे. मग म्हणायचे, "आता तिथं सिग्नल आहे. सगळे थांबतात. वळत कोणी नाही."

लोंढा आटला. नागोरावांची सायकल राहिली. खडकीचे क्वार्टर सुटले, विश्रांतवाडीला मुलानं फ्लॅट घेतला, मुलगा दत्तप्रसाद बँकेच्या बदलीवर बायकोला घेऊन लातूरला गेला. घरात उरले नागोराव, त्यांची बायको मुक्ताई आणि नात उत्कर्षा. उत्कर्षा हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी पांढरी बस, संध्याकाळी घरी आली की अमेरिकेचे फोन. नागोरावांची चौऱ्याऐंशी उलटली होती, तरी रोज सकाळी सायकल काढून, होळकर पूल ओलांडून खडकी बाजारात जायचं आणि जुना जोडीदार मकबूलसोबत हॉटेलात चहा प्यायचा, हा नेम मोडला नव्हता. मकबूल कारखान्यात त्यांच्याच शेडमध्ये होता. त्याच्या तीन पिढ्या खडकीत गेल्या. मराठी फर्डी, पण घाबरला की हिंदी यायची.

एका सकाळी नागोराव हॉटेलात येऊन बसले ते घामानं भिजलेले.

"मकबूल, सोडा मागव रे. छातीत वायू धरलाय."

मकबूलनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "सोडा बाद में. पहले रिक्षा."

"अरे पण चहा सांगितलाय..."

"चहा मैं पी लूंगा. उठ!"

तो वायू नव्हता, हृदयविकाराचा झटका होता. वेळेवर पोचले म्हणून निभावलं. रक्तवाहिनीत जाळी बसवली, आठवड्यानं घरी सोडलं. सायकल मात्र हॉटेलच्या भिंतीला टेकून उभी राहिली होती. मकबूल रोज जाऊन तिची हवा बघायचा. नंतर त्यानं ती टेम्पोत घालून आणून दिली. ती टेम्पोतून उतरताना पाहून नागोराव म्हणाले, "हिला कशाला टेम्पोत घातलंस? तिला काय झटका आला होता?"

डॉक्टर प्रियदर्शनी म्हणून बाई होत्या. वयानं उत्कर्षाहून थोड्या मोठ्या, बोलायला मऊ आणि ठरवायला पक्क्या. त्यांनी नियम सांगितले. तंबाखू बंद. भातावर तुपाची विहीर बंद. मीठ कमी, हळूहळू चालणं. गोळ्या चार-पाच प्रकारच्या, आणि त्यातली एक पांढरी लांबट, संध्याकाळच्या जेवणानंतरची.

"ही कशाची?" नागोरावांनी विचारलं.

"रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी करायची. एक प्रकारची चरबीच म्हणा."

"चरबी?" नागोरावांनी दंडावरची कातडी चिमटीत धरून दाखवली. "शोधा. सापडली तर तुमची."

"अंगावरची नाही हो आजोबा, नळ्यांच्या आत साचते ती. एकदा झटका आलाय, दुसरा येऊ नये म्हणून."

"आणि सायकल?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "तीन महिने. गोळ्या नीट घ्या. मग रक्त तपासू, हृदयाची पट्टी काढू, चालवून बघू. सगळं ठीक असलं तर सायकलचं बोलू. पाय दुखले, दम लागला, काहीही झालं तर मला सांगायचं. लपवायचं नाही."

पाय दुखले तर सांगायचं, एवढंच नागोरावांच्या कानात राहिलं. पाय दुखतात म्हणून सांगितलं की सायकल गेली, हा हिशेब त्यांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच केला.

उत्कर्षानं सायकलला आकड्यांचं कुलूप घातलं. नागोराव दुपारी पार्किंगमध्ये बसून आकडे फिरवायचे. उत्कर्षाचा वाढदिवस झाला, दत्तप्रसादचा झाला, स्वातंत्र्याचं साल झालं. कुलूप उघडलं नाही.

"आजोबा, प्लीज!" उत्कर्षा वरून गॅलरीतून ओरडायची. "थ्री मन्थ्स! आय ॲम वॉचिंग!"

"मी गंज बघतोय," नागोराव खालून सांगायचे.

पहिले काही दिवस त्यांनी सगळ्या गोळ्या इमानदारीनं घेतल्या. पाय कापसासारखे हलके होते. मग एके दिवशी मकबूल भेटायला आला. खारी आणली होती, ती नागोरावांना चालत नव्हती, म्हणून स्वतःच खात बसला. टेबलावरचा गोळ्यांचा डबा पाहून त्यानं पांढरी लांबट गोळी ओळखली.

"ही? ही तर अख्तरबानूच्या मावसभावाला होती." अख्तरबानू म्हणजे मकबूलची बायको. "चांगला ताठ माणूस होता. ही गोळी सुरू झाली आणि पाय असे झाले बघ, तेलात भिजलेल्या वातीसारखे. उभी राहील का वात?"

"मग?"

"मग काय, बसून असतो. टीव्ही बघतो."

टीव्ही बघतो, हे ऐकून नागोरावांनी आपल्या पोटऱ्या चाचपून पाहिल्या. त्याच संध्याकाळी गोळी घेतली आणि पहाटेपर्यंत पोटऱ्या ठणकू लागल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या. तिसऱ्या दिवशी तर जिना उतरताना गुडघ्यांनी त्यांना नावं ठेवली. डॉक्टरबाईंना सांगायची सोय नव्हती. सांगितलं की सायकल गेली. न सांगता गिळत राहिलं की पाय गेले, म्हणजे पुन्हा सायकल गेली. चौऱ्याऐंशीच्या माणसानं यातून तिसरी वाट काढली.

त्या वाटेची तयारी कारखान्यानं करून ठेवली होती. दारूगोळ्याच्या शेडमध्ये विडी-काडी नेता येत नसे. फाटकावर अंगाची झडती व्हायची, खिसे उलटे करावे लागायचे. म्हणून तिथली माणसं तंबाखू खायची आणि ती गालफडात अशी धरायची की साहेबाशी बोलताना कळू नये. नागोरावांनी डाव्या गालात आयुष्यभर चिमूट सांभाळली होती. आता डॉक्टरांनी तंबाखू सोडवली, आणि ती जागा, भाडेकरू सोडून गेल्यासारखी, रिकामीच पडून होती.

संध्याकाळी जेवण झालं की उत्कर्षा हातात गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन समोर उभी राहायची.

"घ्या. प्या. आता आ करा."

नागोराव फाटकावरच्या झडतीसारखे ताठ उभे राहून आ करायचे.

"जीभ वर. गुड!"

गोळी डाव्या गालात शांत बसलेली असायची. तेवढ्यात अमेरिकेचा फोन यायचा, उत्कर्षा "येस, येस, व्हिजिबल आहे का स्क्रीन?" करत खोलीत जायची, आणि नागोराव गोळी काढून ताटाकडे वळायचे.

ताटाकडे का, तर त्यासाठी मुक्ताईची रीत सांगायला हवी.

मुक्ताई बुटकी, सावळी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. पुण्यात हयात घालवूनही बोली वाशीमचीच राहिली. तिच्या हातचं जेवण संपलं की प्रत्येक ताटात भाकरीचा एक चतकोर राहिला पाहिजे, तो कुत्र्याचा. गावी होती तेव्हा वाड्यावरच्या कुत्र्याचा, खडकीला क्वार्टरच्या कुत्र्याचा, आणि आता सोसायटीतल्या एका तपकिरी कुत्र्याचा. त्या कुत्र्याचं नाव पोरांनी 'मॅनेजर' ठेवलं होतं, कारण तो दिवसभर सावलीत पडून असायचा आणि संध्याकाळी सगळे घरी निघाले की भुंकायचा. सोसायटीनं फाटकावर पाटी लावली होती: 'भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना आपल्या फ्लॅटमध्ये झोपायलाही न्यावे.' मुक्ताईला वाचता येत नव्हतं. कुणीतरी वाचून दाखवल्यावर ती म्हणाली, "नेलं असतं बाप्पा, पण लिफ्टले घाबरते तो."

तर नागोराव ती ओलसर गोळी भाकरीच्या चतकोरात, पापुद्र्याच्या आत, सरकवून द्यायचे. वरून बोटानं दाबलं की भाकरी जशीच्या तशी. मग हात धुवायचे आणि टीव्हीकडे पाठ करून गॅलरीत बसायचे.

गोळी सुटली आणि तिसऱ्या दिवशी पाय मोकळे झाले. नागोराव इमारतीभोवती फेऱ्या मारू लागले. एक, दोन, मग मोजायचं सोडूनच दिलं.

"मकबूल," ते कुजबुजले, "तू माझे पाय वाचवलेस."

"पण ती गोळी जाते कुठं?"

नागोरावांनी खालच्या कुत्र्याकडे बोट दाखवलं. मॅनेजर सायकलीच्या सावलीत चारी पाय पसरून आडवा पडला होता.

मकबूलनं त्याला बराच वेळ न्याहाळलं. "गेले वाटतं बिचाऱ्याचे पाय."

ही गोष्ट नागोरावांच्या मनाला लागली. मुक्या जनावराचा आपण बळी देतोय असं त्यांना वाटू लागलं. ते रोज मॅनेजरजवळ जाऊन त्याच्या पोटऱ्या दाबून बघायचे. कुत्र्याला पोटऱ्या कुठं असतात हे त्यांना नक्की माहीत नव्हतं, पण जिथं असाव्यात तिथं दाबायचे. मॅनेजरला ते आवडायचं. तो एक पाय दाबून झाला की दुसरा पुढं करायचा. मग एके दिवशी पिझ्झा पोचवणाऱ्या मुलाच्या स्कूटरमागं मॅनेजर असा सुटला की थेट मेंटल कॉर्नरच्या चौकाच्या दिशेनं दिसेनासा झाला. नागोराव तोंड वासून बघत राहिले. रोज एक गोळी खाऊन हा पळतो कसा?

"त्याला चार पाय आहेत," मकबूलनं उलगडा केला. "असर वाटला जातो. तुला दोनच."

हे नागोरावांना पटलं.

सकाळच्या जेवणात मुक्ताई त्यांना जवसाची चटणी वाढायची. आमच्या भागात जवस भाजून, तिखट-मीठ-लसूण घालून खलबत्त्यात कुटतात. डॉक्टरबाईंनी जवस ऐकून मान डोलावली होती, फक्त मीठ कमी म्हणाल्या. रोज सकाळी मुक्ताईच्या खलबत्त्याचा ठकठक आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. नागोरावांची चटणी वेगळी, छोट्या वाटीत. एकदा उत्कर्षानं त्या वाटीत बोट घातलं, तर म्हातारीनं पोरीच्या हातावर चापट मारली.

"ते आजोबाची हाय. पथ्याची. तुले ही घे."

"सेम तर आहे, आजी."

"सेम नाही. मीठ कमी हाय तिच्यात."

नागोराव वाटी चाटूनपुसून खायचे. "जरा कडसर लागते गं, मुक्ते."

"जवस जुना हाय."

"मग नवीन आण की."

"हा संपू द्या आधी. टाकून देऊ का?"

असे दिवस गेले आणि तपासणी जवळ आली. आता नागोरावांची झोप उडाली. एवढे दिवस त्यांनी फक्त पायांचा विचार केला होता. रक्ताचा विचार आत्ता आला. रक्त खोटं बोलणार नाही. गोळी घेतलेलीच नाही, तर चरबी वाढलेलीच निघणार, आणि मग डॉक्टरबाई सायकल तर देणार नाहीतच, वर डोसही दुप्पट करतील, आणि दुप्पट गोळ्या एका गालात मावतील का हाही प्रश्न होता.

त्यांनी स्वतःच पथ्य आवळलं. भात नको म्हणाले. दूध नको म्हणाले. जिभेचा मुलाहिजा न ठेवता कारल्याचा रस मागितला. इमारतीभोवतीच्या चकरा वाढवल्या.

"काय झालं हो?" मुक्ताईनं विचारलं. "उपास धरला का?"

"तब्येतीची काळजी घ्यायला नको का माणसानं?"

"घ्या की. आजवर कोणाची घेत होते?" असं म्हणून ती पदर तोंडाला लावून आत गेली. हसतेय की खोकतेय हे पाठीवरून कळलं नाही.

मकबूलला त्यांनी धोका समजावून सांगितला. मकबूल मित्रासाठी काहीही करायला तयार होता.

"तुझ्या नावावर मी रक्त देऊन येतो."

"तुला तर साखर आहे."

"मग साखर निघेल. चरबी तर नाही ना निघणार?"

हा बेत सोडून द्यावा लागला. रक्त नागोरावांनाच द्यावं लागलं.

दवाखान्यात त्या दिवशी नागोराव, मुक्ताई आणि उत्कर्षा असे तिघं गेले. उत्कर्षानं अर्धी सुट्टी टाकली होती. नागोरावांनी इस्त्रीची टोपी घातली होती. आत जाताना त्यांनी पांडुरंगाचं नाव घेतलं आणि त्याला मनातल्या मनात सांगितलं की यावेळी सांभाळून घे, पुढचं मी बघतो.

डॉक्टरबाईंनी पट्टी पाहिली. त्यांना व्हरांड्यातून चालवून आणलं. नाडी धरली. मग रक्ताचा कागद उचलला आणि भुवया वर गेल्या. नागोरावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"छान!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजोबा, फारच छान. मागच्या वेळेपेक्षा निम्म्यावर आलंय. गोळीनं उत्तम काम केलं. आता ही कायम चालू ठेवायची."

माणसाला संकटातून सुटल्यावर गप्प बसता आलं असतं तर निम्म्या गोष्टी घडल्याच नसत्या. नागोरावांना गप्प बसवलं नाही. तीन महिने चकरा त्यांनी मारल्या, कारल्याचा रस त्यांनी प्यायला, आणि श्रेय त्या लांबट गोळीला? शिवाय इथंच तिचा कायमचा निकाल लावायची संधी दिसत होती. त्यांनी टोपी सारखी केली.

"बाई, एक सांगू का? तुम्ही शिकलेल्या आहात, राग मानू नका. ती गोळी मी घेतलेलीच नाही."

"म्हणजे?"

"पहिले काही दिवस घेतली. नंतर एकही नाही. रोज कुत्र्याला घातली. तरी रक्त साफ आहे. म्हणजे गोळीची गरजच नाही, हे सिद्ध झालं की नाही?"

उत्कर्षा खुर्चीतून अर्धी उठली. "आजोबा! सीरियसली? मी रोज चेक करायचे! तुम्ही आ करायचा!"

"आ करायचोच की. तू गालात कुठं बघितलंस? आमच्या फाटकावर गालातपण बघायचे, तरी..."

"आणि मॅनेजरला? बिचारा कुत्रा! हाऊ कुड यू!"

डॉक्टरबाई कागदाकडे आणि नागोरावांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. "पण आजोबा, हा आकडा गोळीशिवाय इतका खाली येणं..."

"कारलं," नागोराव म्हणाले.

त्या वेळी मुक्ताई कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"बाई, ह्यायचं ऐकू नका. गोळी ह्यायच्याच पोटात गेली. रोज गेली."

अर्धी उठलेली उत्कर्षा पुन्हा खाली बसली.

"कशी काय जाईल?" नागोराव म्हणाले. "मी स्वतः भाकरीत घालून..."

"अन् ते भाकरी कुत्र्याले कोण घालते?" मुक्ताईनं विचारलं.

साठ वर्षांच्या संसारात ताटावरून उठल्यानंतर त्या ताटाचं काय होतं, हे त्यांनी कधीही पाहिलं नव्हतं. हात धुतले की त्यांच्या लेखी जेवण संपायचं. कुत्र्याचा चतकोर उचलायचा, हातानं बारीक कुस्करायचा, त्यावर ताकाचं पाणी शिंपडायचं आणि मग खाली नेऊन घालायचा, ही मुक्ताईची रीत जन्मभर त्यांच्या पाठीमागं चालली होती. ज्या दिवशी त्यांनी पहिली गोळी दडवली, त्याच दिवशी ती मुक्ताईच्या बोटांना लागली.

"कोरड्या फडक्यानं पुसली, ठेवून देली," मुक्ताई डॉक्टरबाईंना सांगत होती. "अन् सकाळी जवसात कुटून ह्यायच्या वाटीत. उष्टं होतं ते ह्यायचंच होतं."

"जवस जुना नव्हता?" नागोरावांनी हळू आवाजात विचारलं.

"जवस नवा होता."

उत्कर्षानं कपाळाला हात लावला होता, पण बोटांच्या फटीतून ती हसत होती. डॉक्टरबाईंनीही हसू आवरलं आणि मग मुक्ताईकडे वळल्या.

"आजी, हे बरोबर नाही. माणसाला न सांगता औषध चारायचं नसतं. शिवाय काही गोळ्या कुटल्या की बिघडतात."

"औषधवाल्याले इचारलं होतं मी. म्हातारा हाय, गिळता येत नाही, कुटून देऊ का म्हणून. तो म्हणे ही चालते, दुसरी कुटू नका."

"मग मला का नाही सांगितलं? किंवा उत्कर्षाला?"

मुक्ताईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "सांगतलं असतं तर तुम्ही सायकल बंद केली असती. हे सायकलवर गेले की घरात परत येतात, ते माणूस वेगळं असते. घरात बसवलेलं माणूस मले नाही पायजे. अन् गोळी नाही घेतली तर तेही नाही राहणार."

नागोरावांनी बायकोकडे पाहिलं आणि लगेच भिंतीवरच्या हृदयाच्या चित्राकडे पाहिलं.

"आजोबा," डॉक्टरबाई म्हणाल्या, "खरं सांगा, गोळी का टाकत होता?"

"पाय दुखायचे."

"हे मला सांगायला हवं होतं. या गोळीनं काहींचे स्नायू खरंच दुखतात. मग आम्ही रक्त तपासतो, डोस कमी करतो, गोळी बदलतो. तुमच्या वयाला तर मी मुद्दाम जपून बघते. पाय चालत नसतील तर नुसतं रक्त चांगलं करून काय करायचं? तेव्हा आता विचार करून उत्तर द्या. हे तीन महिने गोळी पोटात होती. पाय दुखले का?"

असा पेच नागोरावांना कारखान्यातही कुणी घातला नव्हता. हो म्हणावं तर गोळी सुटेल, पण पाय दुखतात म्हणून सायकल जाईल. नाही म्हणावं तर सायकल मिळेल, पण गोळी जन्माची गळ्यात पडेल. त्यांनी उत्कर्षाकडे पाहिलं, तिनं खांदे उडवले. मुक्ताईकडे पाहिलं, ती पिशवीची गाठ सोडत होती.

"नाही," नागोराव म्हणाले. "नाही दुखले."

"अजिबात?"

"अजिबात नाही. चकरा मारत होतो मी."

"मग गोळी चालू. आणि सायकल..." डॉक्टरबाईंनी थांबून पाणी प्यायलं. त्यांना गंमत वाटत होती हे उघड होतं. "आधी महिनाभर सोसायटीच्या आत. नंतर सपाट रस्ता. पुलाचं मी अजून बोलत नाही. दम लागला की उतरायचं."

घरी आल्यावर उत्कर्षा आजोबांना घेऊन पार्किंगमध्ये गेली. आकडे फिरवले, कुलूप उघडलं.

"कोणता आकडा होता?"

"तुमचा कारखान्यातला टोकन नंबर. तुम्हीच लहानपणी पाठ करून घेतला होता माझ्याकडून. मला वाटलं, फर्स्ट डेलाच ओळखाल!"

नागोरावांनी जगातल्या सगळ्यांचे आकडे लावून पाहिले होते, फक्त स्वतःचा नाही. त्यांनी सीटवरची धूळ टोपीनं पुसली, पाय टाकला, आणि सोसायटीच्या सिमेंटच्या बोळातून घंटी वाजवत एक फेरी मारली. मॅनेजर मागं मागं धावला.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण त्या संध्याकाळी नागोरावांनी पांढरी लांबट गोळी सगळ्यांच्या देखत, गाल फुगवून दाखवून, खरोखर गिळली. आणि सकाळी उठले ते पोटऱ्या धरून.

"आई गं! मुक्ते, तेल आण!"

मुक्ताई दारात येऊन उभी राहिली. "तीन महिने दुखले नाही, अन् एका गोळीत दुखले?"

"दुखतायत म्हणतो ना!"

उत्कर्षानं कंपनीच्या बसमध्ये चढता चढता डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं, आजोबांनी आता कबूल केलेली मकबूलची वातीची गोष्टही, ऐकून घेतलं, पाय सुजलेत का, लघवी गडद होते का ते विचारलं, रक्ताची एक तपासणी करून घेतली. रक्तात काही निघालं नाही. "दुखणं खोटं नाही," त्या म्हणाल्या, "ते मनातून पायात उतरलंय. मकबूलचाचांना म्हणावं, यापुढं औषधांविषयी बोलू नका."

नागोराव दोन दिवस गॅलरीत बसून विचार करत राहिले. खाली सायकल उभी होती, कुलपाशिवाय, आणि त्यांचे पाय वर ठणकत होते. तिसऱ्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. त्या दाराशी ते क्वचितच जात.

"मुक्ते, ते जवसाचंच बरं होतं."

"आता तर तुमाले माहीत हाय."

"माहीत असलं म्हणून काय झालं? तू कुट. मी विचारणार नाही. आणि कधी टाकलीस, कधी नाही, ते मला सांगू नको. बाईंना सांग, माझ्या परवानगीनं आहे."

बाईंनी फोनवर होकार दिला. मकबूल म्हणाला, "अख्तरबानूला सांगू नको रे. ती मलाही काही कुटून घालायची."

तेव्हापासून त्या घरात संध्याकाळचा एक सोहळा सुरू झाला, तो मी स्वतः पाहिला आहे. उत्कर्षा गोळी द्यायची. "आ करा. जीभ वर. गुड." मग ती मुद्दाम छताकडे बघायची. नागोराव गालातून गोळी काढायचे, इकडं तिकडं चोरासारखं पाहायचे, आणि भाकरीच्या चतकोरात पापुद्र्याआड नीट दडवायचे. मग हात धुवून, समाधानानं, सगळ्यांकडे पाठ करून गॅलरीत जाऊन बसायचे. ताटाकडे वळून पाहायचे नाहीत.

मी पाहुणा म्हणून राहिलो होतो. सकाळी खलबत्त्याची ठकठक ऐकू आली, तशी नागोरावांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

"चटणी कशी झाली?" मुक्ताईनं वाटी पुढ्यात ठेवत विचारलं.

नागोरावांनी बोट चाटलं.

"कडसर आहे," ते म्हणाले. "जवस जुना दिसतो."

आणि चतकोर भाकरी ताटात ठेवून ते सायकल काढायला खाली उतरले, दोन पायऱ्या एकदम.